हवामामांनी बुजवलेली गळती

चौकातलं टायरचं दुकान हवामामांचं. सायकल असो की मालाने लादलेला ट्रक, हवा भरायची ती मामांकडेच. ट्यूब पाण्याच्या टबात बुडवली, की दुसऱ्याला बुडबुडा दिसायच्या आत मामांचं बोट छिद्रावर. गल्ल्यावर मामी, आणि राहायला दुकानाच्या वरच्या दोन खोल्या.

आपल्या घोरण्याचा मामांना कोण अभिमान! "राबणारा माणूस घोरणारच," असं ते छाती काढून सांगायचे. दिवसा चाक खोलता खोलता डोळा लागायचा, तोही कष्टाच्याच खाती जमा. शेवटी मामींनी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. तिथे एक रात्र अंगभर वायरी लावून झोपवलं आणि निकाल लागला, की मामांचा श्वास झोपेत सारखा बंद पडतो. स्लीप ॲप्निया, तोही चांगलाच जोरदार.

"तुमच्या लक्षात आलं होतं का हे?" डॉक्टरांनी मामींना विचारलं.

"हो तर. बंद पडला की मी हलवते. 'अहो, श्वास घ्या' म्हणते. मग घेतात."

"आणि तुम्ही कधी झोपता?"

मामी नुसत्याच हसल्या. इतकी वर्षं आपण ढाराढूर, आणि ही बिचारी पहाऱ्यावर! आता काय वाट्टेल ते होवो, हिला रात्रभर झोपवायचंच, असं मामांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

इलाज म्हणून सीपॅपचं मशीन घरी आलं. एक डबा, एक लांब नळी आणि नाकातोंडावर बसणारा मास्क. डबा रात्रभर हवा ढकलणार, म्हणजे घसा मिटणार नाही. मामांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. "अगं, हा तर कॉम्प्रेसर! म्हणजे आपलाच धंदा!"

मशीन बसवून द्यायला आलेल्या ताईने सांगितलं, "काका, आधी दिवसा जागेपणी लावून सवय करा. आणि कुठून हवा गळत नाही ना, तेवढं बघा."

हे तिने दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं तर चाललं असतं.

दुपारी मामा पलंगावर मास्क चढवून बसले. हातात साबणाच्या फेसाचा मग आणि ब्रश. मामींनी समोर आरसा धरला. मामांनी दाढी करावी तसा मास्कच्या कडेने फेस फासला आणि मशीन चालू केलं. कडा एकदम ठणठणीत. पण पुढे, नळी जोडलेली होती तिथे, बारीक भोकांची ओळ भसाभसा बुडबुडे सोडत होती.

मामांनी मास्क उतरवून आरोळी ठोकली, "सापडलं! नवा कोरा माल आणि एवढी भोकं!"

"अहो, ताईला फोन करून विचारा तरी."

"पंक्चरसाठी मी फोन करू? मी?"

कानस आली, सोल्यूशन आलं, ट्यूबचा छान गोल तुकडा कापला गेला आणि भोकांवर अंगठ्याने दाबून बसवला गेला. पुन्हा फेस लावला. एक बुडबुडा येईल तर शपथ! मग मामांनी ट्रकच्या चाकाचे नट आवळावेत तसे मास्कचे पट्टे आवळले. गाल डोळ्यांना भिडले.

पण आडवं होऊन थोडा वेळ जातो न जातो, तोच मामा कोंडल्यासारखे तडफडत उठले आणि त्यांनी मास्क भिरकावून दिला. "बोगस आहे मशीन! जीव घेईल माझा!"

मामींनी आपली उशी उचलली आणि रात्री हात मामांच्या छातीपर्यंत पोचेल अशा बेताने, रोजच्यासारखी, पुन्हा नीट ठेवली. ते पाहून मामांचा सगळा ताठा उतरला. त्यांनी निमूटपणे फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ताई आली, तिने मास्क उलटसुलट पाहिला आणि मटकन खाली बसून हसत सुटली. "काका, ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात! तुम्ही सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. ती बुजवली तर आपलीच शिळी हवा परत परत ओढत बसाल. पुन्हा कधीही बंद करायची नाहीत हं!"

"म्हणजे चांगल्या मालाचं मी पंक्चर काढलं?"

मामी भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. ताईने पॅच उचकटायचा खूप प्रयत्न केला, तो काही निघेना. एवढी फजिती झाली तरी मामा म्हणतात कसे, "निघायचा नाही तो. मी लावलाय."

ताईने नवा मास्क दिला आणि पट्टे स्वतः बांधून दाखवले. "सैलच ठेवायचे. चाक नाही हे, गाल आहेत."

त्या रात्री मामा शहाण्या मुलासारखे मास्क लावून पडले. पुढचं त्यांना काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती आणि डोकं कसं लख्ख धुतल्यासारखं! नाचावंसं वाटत होतं. खाली एक ट्रकवाला हवेसाठी हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मामांनी शेजारी पाहिलं. मामी झोपल्या होत्या. केस तोंडावर, तोंड अर्धवट उघडं. इतक्या वर्षांच्या संसारात मामांनी झोपलेली बायको पाहिलीच नव्हती!

आता मास्क काढला तर फुस्सकन आवाज होणार. मशीनचं बटण मामींच्या बाजूला. म्हणून मामा नळी पुरेल तितके खिडकीकडे सरकले आणि त्यांनी मास्कसकट तोंड बाहेर काढलं. ते सोंडवालं ध्यान पाहून ट्रकवाल्याचा हॉर्न जागीच गप्प झाला. मामांनी मास्कवर बोट ठेवलं, मग दोन्ही तळवे गालाशी नेऊन मान कलती केली.

"कोण झोपलंय?" ट्रकवाला ओरडला.

मामांनी एवढे हात नाचवले, की त्याने घाबरून इंजिनच बंद केलं आणि तो पायरीवर जाऊन बसला.

एवढ्यात मागून एक हात चाचपडत आला आणि मामांची पाठ हलवू लागला. मामींचे डोळे मिटलेलेच होते. "अहो, श्वास घ्या."

"घेतोय गं," मामा मास्कच्या आत पुटपुटले. त्यांनी तो हात धरून आपल्या छातीवर ठेवला. छाती वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग सैल पडून चादरीवर घसरला. मामींनी कूस बदलली आणि त्या चक्क घोरायला लागल्या. मामांना इतका आनंद झाला, की हसावं की रडावं तेच त्यांना कळेना.