धुरपताच्या हातची मोहाची

हिंगणीत धुरपताच्या हातची मोहाची दारू म्हणजेच दारू, बाकीचं सगळं कडू पाणी, असं दारूला न शिवणारेही सांगत. दारूबंदी असल्यानं ती जंगलाच्या कडेला, नाल्यात चूल मांडायची. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं आणि विचारलं तर कोणालाच ठाऊक नव्हतं. तिचा नवरा पुनाजी गोंडांचा भूमका, म्हणजे पुजारी. चैतातल्या पूजेत त्यानं घरोघर जायचं, थोडी दारू जमिनीवर देवाला सोडायची आणि उरलेला डोणा स्वतः रिकामा करायचा. पानाचा डोणा तो केवढा! पण घरं काही थोडी नव्हती.

१९५४ च्या चैतात पूजा आटोपून पुनाजी उन्हातच आडवा झाला, तो दुपारी पोट धरूनच उठला. लघवी होईना. बेंबीखाली पोट टरटरून फुगलेलं, हात लावू देईना.

"मोवाची पाज त्याले," त्याचा मोठा भाऊ गोमाजी धुरपताला म्हणाला. "धार मोकळी होते."

गोमाजी काही वैरी नव्हता. पिणारा घडीघडीला आडोशाला पळतो, हे सगळ्यांनीच पाहिलेलं. धुरपतानं दोन डोणे पाजले. थोड्या वेळात पुनाजी गुरासारखा ओरडू लागला, तेव्हा ती माझ्या दारात आली. शेजारात बैलगाडी आमच्याकडेच होती.

"भाऊ, गाडी जुप," एवढंच बोलली.

सेलूच्या दवाखान्यापर्यंत दर खड्ड्याला मला वाटलं, गेला हा. व्हरांड्यात एक पोलीस शिपाई बोटाला पट्टी बांधून घेत बसला होता. त्याला पाहून पुनाजीनं ओरडणंसुद्धा गिळलं. डॉक्टरांना वास आलाच.

"किती प्यालास?"

"नाई पेलो, साहेब. देवाचा परसाद, तेवढाच."

"अरे, दुखणं थांबवायचं इंजेक्शन भरून ठेवलंय. पोटात खूप दारू असली तर त्यानं श्वास बंद पडेल. खरं सांग!"

पुनाजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. धुरपतानं व्हरांड्याकडे पाहिलं. बोलली तर तुरुंग, न बोलली तर नवरा जाणार.

"घरोघरी पेला," ती चांगलं खणखणीत म्हणाली. "मंग लघवी व्हावी म्हून मीनंच आनखी पाजली. गाळलीबी मीनंच."

शिपायानं मान आमच्याकडे वळवली. डॉक्टर उठले, दार लोटलं, इंजेक्शन बाजूला ठेवलं आणि रबराची नळी मागवली.

लघवीनं भांडं भरलं, दुसरं लावावं लागलं. पुनाजी लहान पोरासारखा रडला. डॉक्टर मात्र धुरपतावर तडकलेलेच. "दारू मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवू देत नाही, म्हणून धार मोकळी झाल्यासारखी वाटते. इकडे अंग कोरडं पडतं, तिकडे मूत्राशय भराभर भरतं. नशेत झोपलेल्याला कळ लागत नाही, ते ताणून लुळं पडतं. मग तुंबलेली लघवी उलटी मूत्रपिंडांवर दाब आणते. तू वरून आणखी ओतलीस! याचं यकृतही सुजलंय. पुन्हा प्याला तर मला दाखवायला आणू नकोस."

बाहेर आलो तर शिपाई पाठमोरा उभा राहून बिडी ओढत होता. त्यानं वळून पाहिलं नाही. मी मनोमन त्याचे पाय धरले.

पुढच्या चैतात पूजा पुन्हा आली. पहिलंच घर गोमाजीचं. त्यानं डोणा भरून दिला, पुनाजीनं देवाला धार सोडली आणि हात अडला. सगळे बघत राहिले.

"काऊन थांबला?" गोमाजी म्हणाला. "भूमका पेला नाई तं देव कोपते. गावात रोगराई आली तं जबाबदार कोन?"

पुनाजीची नजर खाली गेली. माणूस मरणाला भीत नाही तेवढा भावकीला भितो. डोणा हळूहळू तोंडाकडे निघाला.

अंगणातल्या देवाच्या जागेजवळ पूजेला बाया येत नसत. धुरपता आली. भर गोतात तिनं नवऱ्याचं मनगट धरलं.

"देवाले थेंबभर पुरते," ती म्हणाली. "मले मानूस आखा पायजे."

पुनाजीनं डोणा जमिनीवर पालथा केला आणि पुढच्या घराकडे चालू लागला.