मत्स्यकन्येचं मीठपाणी

गल्लीत तिला मत्स्यकन्या म्हणत, कारण शोभेच्या माशांच्या दुकानात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. "वजनाकडे बघितलं तर देवमासा म्हणायला हवं," असं नवरा म्हणे. तो शिंपी होता, त्यामुळे तिचं माप त्याला तोंडपाठ होतं.

दुकानात मागच्या मोरीजवळ आजारी माशांची वेगळी टाकी होती. पोट टम्म फुगलेला, खवले उभे राहिलेला मासा निघाला की तो मत्स्यकन्येच्या हवाली होई. ती टाकीत जाडं मीठ विरघळवी आणि समोर उभी राहून वाट बघे. कुणी विचारलंच तर ठसक्यात सांगे, "गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सारखं शिरतं. त्याची मूत्रपिंडं ते उपसून टाकतात. ती थकली की मासा फुगतो. मीठ घातलं की पाणी शिरायचं कमी होतं, बिचाऱ्याला जरा दम खाता येतो." सगळे मासे वाचत नसत, पण मेलेल्यांचा विषय ती काढत नसे.

पुढे नवऱ्याचे पाय सुजले. शिलाई मशीनच्या पायट्यावर पाऊल टेकवेना, चपलेचा पट्टा लागेना. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की मूत्रपिंडं थकली आहेत. त्यापुढेही ते बरंच बोलले, पण 'थकली' म्हटल्यावर मत्स्यकन्येने ऐकणं सोडून दिलं. हा रोग तर तिच्या रोजच्या ओळखीचा!

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ पेलाभर मीठपाणी घेऊन त्याच्यापुढे उभी राहू लागली. एरवी आमटीत मीठ जरा जास्त झालं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस तोंड वाकडं करून सगळा पेला रिकामा करी. सूज पोटऱ्यांवर चढली, तेव्हा तिने मीठ वाढवलं. एका दुपारी त्याला धाप लागली, ती काही केल्या थांबेना, तेव्हा त्याला इस्पितळात हलवलं.

"यांना मीठ कोण देतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच," ती म्हणाली, आणि टाकीचं सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचा मासा पाण्यात राहतो. त्याच्या अंगातलं मीठ बाहेर झिरपतं. माणूस हवेत राहतो. जास्तीचं मीठ त्याच्या मूत्रपिंडांनाच बाहेर टाकावं लागतं. ती थकली की मीठ आत साचतं आणि पाणी धरून ठेवतं. मीठ बंद करा, असं तुम्हा दोघांना त्याच दिवशी बजावलं होतं."

नवरा वाचला. मूत्रपिंडं मात्र होती त्यापेक्षाही जास्त कामातून गेली. आता अंगातलं मीठ आणि पाणी यंत्राने काढावं लागणार होतं.

त्याला नीट बोलता येऊ लागल्यावर तिने विचारलं, "अहो, तुम्ही तरी ऐकलं होतं ना?"

"ऐकलं होतं."

"मग पीत का होतात?"

तो छताकडे बघत म्हणाला, "तू पेला घेऊन उभी राहायचीस. मासा आता वाचणारच, अशी बघायचीस. मला नाही म्हणवेना."

तिने त्याला खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी शिवी हासडली, आणि त्याचं सुजलेलं पाऊल पोटाशी धरून रडत बसली.