दाराजवळचं स्टूल

माझी थोरली बहीण शाळेत विज्ञान शिकवते. शाळेला प्रयोगशाळा नाही, म्हणून दर शनिवारी दुपारी पाच-सहा मुलं आमच्या स्वयंपाकघरात येतात आणि ओट्याची पार वाट लावून जातात. जांभळा कोबी उकळायचा, त्याचं पाणी कशाकशावर थेंब थेंब सोडायचं आणि रंग बदलला की घर डोक्यावर घ्यायचं. लिंबाने गुलाबी, सोड्याने हिरवं, मिठाने जांभळं ते जांभळंच. भांडी घासता घासता मलाही पाठ झालंय.

ताईचा नियम एकच. चिठ्ठी नसलेल्या बरणीतलं काही तोंडात जाता कामा नये. नियम मोडणाऱ्याने दाराजवळच्या स्टुलावर बसायचं आणि प्रयोग संपेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. तिथे रडारड चालत नाही.

आई अंथरुणाला खिळल्यापासून ताई पिचून गेली होती. दिवसभर शाळा, रात्री जागरणं. त्या शनिवारी सकाळी ती म्हणाली, आज मुलांना सांगून टाकते, यापुढे येऊ नका. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

दुपारी एका शेगडीवर कोबी होता, दुसरीवर आईसाठी बटाट्याचं सूप. ताईने न बघताच बरणी ओढली, चमचाभर मीठ सुपात टाकलं आणि वाटी भरली. वर्गात जिला सगळे भुणभुण म्हणतात, ती मुलगी मध्येच बोलली.

"बाई, या बरणीला चिठ्ठी नाहीये."

"मीठ आहे गं ते."

भुणभुण कसली ऐकते. तिने कोबीच्या पाण्याचे थेंब सरळ आईच्या वाटीत सोडले. सूप हिरवं झालं. मीठ कुठलं, तो कपडे धुवायचा सोडा होता.

ताईने हातातला चमचा खाली ठेवला. मग भुणभुण हळूच म्हणाली, "बाई, स्टूल."

ताई जाऊन बसली. मुलांनी सूप ओतून दिलं, भांडं घासलं, नवे बटाटे सोलायला घेतले. ती उठायला लागली की कुणीतरी तिला हातानेच खाली बसवायचं. सकाळपासून ती पहिल्यांदाच टेकली होती. भिंतीला डोकं लावून थोडा वेळ रडली आणि तशीच झोपी गेली.

मुलं निघाली तरी तिला जाग नव्हती. सांगायचं ते राहूनच गेलं. पुढच्या शनिवारी काय आणायचं, असं भुणभुणने मलाच विचारलं.

"कोबी आणा," मी म्हणाले. "आणि जरा लवकर या. आधी बाईंना बसवायचंय."