पांढऱ्या पायजम्याची चाचणी

मोठ्या माणसांसाठी दुकानात मिळते ती डायपर पँट मी स्वतः घालून वाघोलीहून हडपसरला बसने गेलो आहे. एकदा नाही, दोनदा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मला काही आजार नाही. गरज अण्णांना होती, माझ्या वडिलांना.

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर अण्णांना लघवी धरवेना. खोकला, शिंक, हसू, काहीही निमित्त पुरायचं. खोकला आणि शिंक आपल्या हातात नसतात, म्हणून त्यांनी हसणं तेवढं बंद केलं. चुलतभावाच्या मुलाच्या लग्नाला मी त्यांना नेलंच नाही. "गाडीत जागा नाही अण्णा," म्हणालो. मागच्या सीटवर आहेराचा मिक्सर होता. अण्णा गाडीपर्यंत आले. "जा रे, मला तसाही कंटाळाच येतो," म्हणाले, आणि मिक्सर हलत नाही ना, हे हाताने बघून परत वर गेले.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या बौद्ध घरांत मंगल परिणयाला वडीलधारी पांढऱ्या कपड्यांत येतात, बैठकही पांढऱ्या चादरीची. अण्णांनी विषयच मिटवला. "पांढरा पायजमा, खाली पांढरी चादर. डाग लपवू कुठं? मी घरूनच मंगलकामना करतो."

मी मेडिकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "कंबर?" मी इकडेतिकडे बघत राहिलो. "कंबर विचारतोय साहेब, पगार नाही."

सैल असलेली बरी, म्हणून एक माप मोठीच मागितली. अण्णांनी चष्मा लावून पाकीट दोन्ही बाजूंनी वाचलं. खडकीच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी माल तपासण्यात काढली होती.

"रात्रभर कोरडं राहतं म्हणे. लिहिणाऱ्यानं घालून पाहिलंय का? आमच्याकडे नमुना पास झाल्याशिवाय लॉट गेटबाहेर जात नसे."

"आता याचा नमुना कोण तपासणार, अण्णा?"

"तेच विचारतोय मी," म्हणाले आणि पाकीट कपाटावर टाकून दिलं.

आम्हा बापलेकांची कंबर एकाच मापाची. रविवारी घरात कुणी नसताना मी ती पँट चढवली, वर पांढरा पायजमा घातला, पोटभर पाणी प्यायलो आणि बस पकडली. पुढची अडचण माझ्या कल्पनेतही नव्हती. होईनाच! पन्नाशी उलटलेल्या माणसाला चारचौघांत, बसल्या जागी, कपड्यांत... शरीर ऐकतच नाही. आईने लहानपणी लावलेली शिस्त किती पक्की होती ते मला त्या बसमध्ये कळलं. खराडीला पोट तुंबलं, मगरपट्ट्याला डोळ्यांत पाणी आलं. शेवटी एका गतिरोधकाने काम केलं.

आणि मांडीला ओल लागली. सैल घेतली तीच चूक, मांडीपाशी फट राहिली होती. पिशवी मागे धरून उतरलो. दुसऱ्या रविवारी बरोबर मापाची घेतली, मांडीची झालर बोटाने नीट बाहेर काढली. पुन्हा तीच बस, तोच गतिरोधक. हडपसरला उठून सीटवरून हात फिरवला. कोरडी. पुन्हा फिरवला.

"काका, काही हरवलं का?" कंडक्टरने विचारलं.

"नाही हो," म्हणालो आणि स्टॉपवर उतरून एकटाच हसत उभा राहिलो.

अण्णांना मात्र सांगितलं, "ऑफिसातला एक मित्र वापरतो. बसमध्ये वापरून पाहिली त्यानं. मापाची घेतली तर गळत नाही."

अण्णांनी उलटतपासणी घेतली. "खड्डे होते रस्त्यात?"

"पुण्यातलाच रस्ता होता, अण्णा."

"मग पास," अण्णा म्हणाले.

लग्नात अण्णा पहिल्या रांगेत, पांढऱ्या चादरीवर. त्रिशरण-पंचशील त्यांनी इतक्या खड्या आवाजात म्हटलं की शेजारची दोन पोरं वळून बघायला लागली. फुलं उधळून झाल्यावर व्याही शेजारी टेकले. "आमचा मुलगा फार अबोल आहे हो."

"काळजी करू नका," अण्णा म्हणाले, "आमच्या नातीसमोर त्याला संधीही मिळणार नाही."

दोघंही हसले. अण्णा मध्येच थबकले, हळूच मांडीखाली हात घातला. मी लांबून बघत होतो. हात बाहेर आला, त्यांनी तो बघितला, आणि मग मान मागे टाकून, खांदे हलवत असे हसले की व्याह्यांनाही थांबता येईना. किती दिवसांनी ऐकलं ते हसू.

परतताना ते पुढच्या सीटवर होते. "तुझ्या त्या मित्राला बोलावलं नाहीस? हात जोडायचे होते त्याला."

"आला होता की."

"मग भेटवलं का नाहीस?"

मी गिअर टाकला आणि ट्रॅफिकबद्दल काहीतरी बोललो.

तो मित्र मीच, हे अण्णांना अजून सांगायचं आहे. आणि त्या दिवशी गाडीत जागा होती, हेही. त्यांना ते माहीत आहे. पण माझ्या तोंडून त्यांनी ते अजून ऐकलेलं नाही.