रुमालावरची मडम

दोऱ्याच्या रिळांच्या खोक्यात तेव्हा जाहिरातीचं विलायती कार्ड निघायचं. माझ्या हाती लागलेल्या कार्डावर एक मडम आडव्या दांडीवरून उडी मारत होती. चड्डी मांडीच्या वर, दंड पैलवानासारखे. बापरे! बाई असं करू शकते? दिवसभर ते कार्ड मी पोलक्यात लपवून फिरले.

अमरावतीच्या आखाड्यात मुलींचा वर्ग नुकताच निघाला होता आणि मला तिथे जायचंच होतं. पण वडील भिक्षुक. "आखाड्यात गेली तर लग्न होईल का हिचं?" एवढ्यावर विषय खलास. मग चिडून मी ती मडम रुमालावर भरली, गुलाबी दोऱ्यानं, पायांसकट.

अकोल्याहून वकिलांकडचे लोक मला बघायला येणार, त्या सकाळी आईनं तो रुमाल पाहिला आणि कपाळाला हात लावला. मुलीच्या हातचं भरतकाम मांडायची रीत, आणि मी जन्मात भरलेलं एवढं एकच. "भवाने, नेसव तिले काहीतरी!" म्हणत शेवटी तिनंच घाईघाईनं मडमेवर हिरवं लुगडं भरलं. दोरा पुरेना म्हणून टाके फक्त वरच्या बाजूनं घेतले.

पोहे झाले. मुलाच्या आईनं रुमाल उचलला आणि जाणत्या बाया बघतात तसा उलटा करून पाहिला. झालं! मागच्या बाजूला लुगड्याचे नुसते ठिपके, आणि मधोमध दोन गुलाबी तंगड्या, मांडीपर्यंत उघड्या.

"अगं बाई! हे काय वं?"

"उडी मारून राहिली ती," माझ्या तोंडून निघून गेलं. "मले बी मारायची आहे."

"आमाले सून पायजे, पैलवान नाही," म्हणत त्या उठल्याच.

टांगा गेला तसे वडील कडाडले, "कार्टीनं नाक कापलं! आता गावभर बोभाटा. कोण करून घेईल हिले?" आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

आई रडत होती. रडता रडताच ती वडिलांवर उलटली. जिनं त्यांच्यापुढे कधी मान वर केली नाही, ती माझी आई!

"आखाड्यात गेली तर लग्न होणार नाही, म्हणत होते ना तुमी? न जाताच मोडलं की! मग आता काहून अडवता?"

"करा काय करायचं ते," म्हणत वडिलांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि ते बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी आईच मला आखाड्याच्या दारापर्यंत सोडायला आली.