पाठवणार : म्हात्रे काका

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत, तक्रार म्हणून ते रोज आपल्या पायांनी येतात! आमची कंपनी रोह्याला, सर्व्हर लिनक्सचा, मी पेणचा. घरी पोचलो की बायको विचारते, "आज काय?" मी म्हणतो, "तेच. पाठवणाऱ्याचं नाव." जन्म गेला हो माझा त्या एका रकान्यात!

*

सर्व्हर नवा होता तेव्हा पंप, टाक्या, बॉयलर यांचे आपोआप जाणारे मेल 'root' नावाने जायचे. आपण नाव दिलं नाही की लिनक्स स्वतःचं देतो. आठवड्याभरात पर्सोनेलच्या सावंत मॅडम हजेरीचा कागद घेऊन खाली आल्या.

"हा रूट कोण? रविवारीपण मेल पाठवतो आणि हजेरीत नावच नाही!"

मी समजावलं, मॅडम, ते मशीन आहे.

"असू दे. कॉन्ट्रॅक्टवर आहे की परमनंट?"

मी हात जोडले.

*

मग जीएम साहेबांनी फर्मान काढलं, "सर्व्हरवरून जाणारा प्रत्येक मेल माझ्या नावाने गेला पाहिजे. शिस्त!"

त्यासाठी एक फाईल असते. डावीकडे खरं नाव, उजवीकडे लोकांना दाखवायचं नाव. मी उजवीकडे वरपासून खालपर्यंत साहेब लिहिले.

महिन्याभरात साहेबांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नाची रजा टाकली. सिस्टिमने ती परत पाठवली, 'नामंजूर', आणि खाली साहेबांचंच नाव. मला केबिनमध्ये बोलावलं.

"मी मलाच नाही म्हटलं?"

"होय सर."

"आणि कारणपण दिलं नाही!"

*

खरा वैताग टाकीचा. कूलिंगच्या पाण्याची टाकी खाली गेली की शिफ्टच्या सगळ्यांच्या फोनवर मेल जायचा. आता साहेबांचं नाव काढून मी छान 'पंपहाऊस' असं नाव दिलेलं. टाकी तीनदा कोरडी पडली!

मी पंप हाऊसमध्ये जाऊन ओरडलो, "मेल आला नाही का?"

"आला ना."

"मग?"

"कोणाचा तरी होता."

रडायचा बाकी होतो मी. तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर म्हात्रे काका, जित्याहून रेल्वेने यायचे, ते कोपऱ्यातून म्हणाले, "माझ्या नावाने पाठव रे. माझ्या नावाला उठतील."

फाईलमध्ये उजवीकडे म्हात्रे काका लिहिलं. पुढच्या मेलला तिघं धावत गेले, एक तर जेवणावरून उठून!

*

काका रिटायर झाले. शाल, नारळ, फोटो, सगळं झालं. फाईलमधली ओळ मात्र मी तशीच ठेवली आणि त्यांचा मेलही चालू ठेवला. आळस म्हणा.

मेलला उत्तर दिलं की ते पाठवणाऱ्याकडे जातं. म्हणजे जित्याला, काकांच्या फोनवर! गणपतीआधी हमरापूरची माणसं मूर्ती रंगवायला रजेवर गेली, पंप हाऊसला नवे लोक आले. त्यांनी मेलवर विचारलं, 'पंप चालू आहे तरी टाकी भरत नाही, काय करू?' जित्याहून उत्तर आलं, 'भरलीय. फ्लोट अडकतो तो. काठीने हलव.' त्यांनी टाकीतला तो तरंगता गोळा हलवला, पातळीचा काटा वर आला. त्यांना वाटलं काका वरच्या ऑफिसात बसतात!

मला कळलं तेव्हा मी घाबरून फोन केला. काका म्हणाले, "राहू दे ना रे. घरात कोण नाय. तो मेल वाजला की बरं वाटतं, आपलं काम हाय असं वाटतं."

मी राहू दिलं.

*

ऑडिटरने पकडलं. "रिटायर माणूस कंपनीच्या नावाने लिहितो कसा?" संध्याकाळपर्यंत काढा, असा हुकूम. मी ओळ बदलून परत 'पंपहाऊस' केली, काकांचा मेल बंद केला. एवढं मोठं सर्व्हरचं काम, पण खरं तर एक फोन करायचा होता. तो माझ्याने झाला नाही. लाज वाटते सांगायला.

*

नवव्या दिवशी गेटवरून निरोप आला, कोणी म्हात्रे आलेत. बघतो तर काका, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. गेटवाला नवीन, त्याने बाकावर बसवून ठेवलेले.

"आठ दिवस एक मेल नाय," काका म्हणाले. "टाकी एकदापण खाली नाय गेली?"

"नाही काका."

"फ्लोट बदलला?"

"व्हय काका. सगळं नवीन."

"मंग चांगलंच हाय," म्हणाले आणि डबा या हातातून त्या हातात घेतला.

तेवढ्यात मेल वाजला. काकांनी घाईघाईने खिशातून स्वतःचा फोन काढला, चष्मा वर करून बघितला, परत बघितला. गेटवाल्याचाही फोन वाजला होता. तो हलला नाही.

"तुझा वाजला रे," काका मला म्हणाले. "कोणाचा मेल?"

मी फोन बघितला. पंपहाऊस. टाकी खाली.

"कोणाचा तरी हाय, काका."