झाकलेल्या आरशाची चौकशी

आधी बातमी ऐका, मग मीच ती दुरुस्त करते. बातमी अशी, की आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पार्लर चालवणारी कात्री सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून आत एका पुरुषाला भेटते.

बातमी आणली समोरच्या चष्मेवाल्याने. दिवसभर लोकांना लांबची अक्षरं वाचायला लावणाऱ्या माणसाची स्वतःची नजर कुठवर पोचत असेल, ते तुम्हीच ठरवा. पण त्याने पाहिलं काहीच नव्हतं, ऐकलं होतं. भारदस्त आवाज, आणि तो आवाज म्हणत होता, "घाई करू नका, आधी नीट समजून घ्या."

"आता यावर मी काय बोलणार, वहिनी?" असं म्हणून तो पुढे बराच वेळ बोलला.

पुढच्या सुट्टीला मी वाटी घेऊन खाली गेले. साखर मागायचं निमित्त. पार्लरमध्ये साखर कुठून असणार, हे शटरखालून वाकून आत शिरल्यावर लक्षात आलं, तोवर उशीर झाला होता.

आत पुरुष होता. मोबाइलमध्ये. फळ्यासमोर उभा राहून तो तर्कशास्त्र शिकवत होता, आणि केस धुवायच्या खुर्चीत मान टेकून कात्री ते ऐकत होती. शेजारी तिची कॉलेजातली लेक घड्याळ घेऊन बसली होती.

"काकू, साखर हवीये का?" लेक म्हणाली. "शाम्पू आहे."

बातमी दुरुस्त झाली ती अशी. कात्री लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती.

माझा संशय मात्र गेला नाही, उलट त्याला बसायला जागा मिळाली. चाळिशी ओलांडलेली बाई, नवरा लांबच्या बंदरावर क्रेन चालवतो, घर आणि दुकान एकटी सांभाळते, आणि तिला आता अचानक वकील व्हायचंय? कुठेतरी पाणी मुरत होतं. कात्री हे नाव तिच्या हातातल्या हत्यारावरून पडलं असं नवीन भाडेकरूंना वाटतं. तसं नाही. ती बोलते कमी, पण बोलली की समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर तुटून खाली पडतं. असल्या बाईला कोर्टाची काय गरज?

ते तिच्या लेकीनेच मला जिन्यात सांगितलं. आदल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या घरगुती भांडणात कात्रीला साक्षीला बोलावलं होतं. त्या गिऱ्हाइकाच्या मानेवरचे वळ तिने केस कापताना पाहिले होते. ती सांगायला लागली, तर समोरचा वकील म्हणाला, "बाई, तुम्ही केस कापता ना? मग केसांपुरतं बोला." सगळे हसले. आणि आमच्या कात्रीला, जिने चष्मेवाल्याला एकदा एका वाक्यात आठवडाभर गप्प केलं होतं, तिला काही सुचलं नाही. ती तशीच पिंजऱ्यातून खाली उतरली.

"तेव्हापासून तिला तिथे परत जायचंय," लेक म्हणाली. "साक्षीदार म्हणून नाही."

अभ्यास मी वरच्या खिडकीतून ऐकत असे. ऐकत असे म्हणजे ऐकू येत असे. बसण्याच्या जागांच्या कोड्यांवर मायलेकींची रोज जुंपायची. सहा माणसं एका बाकावर बसली आहेत, पहिली दुसरीशेजारी बसत नाही, तिसरी टोकाला आहे, तर मध्ये कोण? कात्री आधी विचारायची, "पहिली दुसरीशेजारी का बसत नाही?"

"आई, ते महत्त्वाचं नाही."

"नाही कसं? भांडण असेल तर तिसरीला टोकाला बसवून भागणार नाही, ती दोघींच्या मध्ये हवी. माझ्या बाकावर मी तसंच बसवते."

"तुझ्या बाकाला मार्क नाहीत."

आणि गृहीतक शोधायचे प्रश्न. त्यासाठी लेकीने माझ्या खिडकीपर्यंत पोचेल अशा आवाजात उदाहरण घेतलं. "एक गृहस्थ म्हणतात, शटर अर्धं खाली आहे, म्हणून आत पुरुष आहे. त्यांनी काय धरून चाललंय?"

"की बाई एकटी असली तर शटर पूर्ण वर असतं," कात्री म्हणाली. "आणि की त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नाही."

"दुसरं प्रश्नात नाहीये, आई."

"पण खरं आहे."

पहिली परीक्षा दिली ती एका केंद्रावर, शंभर जणांच्या खोलीत. गुण असे आले, की लेकीने ते मोठ्याने वाचलेच नाहीत, फक्त स्क्रीन आईकडे वळवली. घोळ काय झाला होता? कात्रीने प्रत्येक प्रश्न शेवटपर्यंत मान डोलावत वाचला होता. गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नाही ही तिची शिस्त, आणि प्रश्नाला ती गिऱ्हाईक समजली. वेळ संपली तेव्हा पेपरचा शेवटचा भाग कोराच होता. हे गुण पुसता येत नव्हते. पुढच्या वेळचे गुण आले तरी कॉलेजला दोन्ही दिसणार होते, शेजारी शेजारी.

दुसरी संधी त्याच वर्षात होती. मग तयारीची तऱ्हा बदलली. लेक घड्याळ लावायची आणि म्हणायची, "आई, कात्री चालव." चार उत्तरांतली दोन उघड खराब असतात, ती आधी उडवायची, उरलेल्या दोघांचंच ऐकून घ्यायचं. खालून आवाज येऊ लागले. "ही गेली. ही पण गेली. आता तुम्ही दोघी बोला."

ही दुसरी परीक्षा घरून देता येणार होती, कॅमेऱ्यासमोर. घर म्हणजे दोन खोल्या, आणि भिंतीपलीकडे दिवसभर टीव्ही चालू. म्हणून तिने पार्लर निवडलं. नियमात लिहिलं होतं की खोलीतले आरसे आणि चित्रं झाकून ठेवा. तिने काय करावं? केस कापताना गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायची ती काळी कापडं सगळ्या आरशांवर टांगली. मी सकाळी शटरखालून डोकावले, तर आत सुतक असल्यासारखं काळंच काळं. लेक बाहेर पायरीवर पुस्तक वाचत बसली होती, असं मी पाहिलं. काही वेळाने ती दिसली नाही, असंही मी पाहिलं.

"कुठे गेली असेल?" चष्मेवाल्याने विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणाले. पण ज्या सुरात म्हणाले, त्यावरून त्याला सगळं कळलं.

निकालाच्या दिवशी सगळ्यांचे निकाल लागले. कात्रीच्या नावापुढे गुण नव्हते. तिथे लिहिलं होतं, "तपासणीसाठी राखून ठेवले आहेत." सोबत कारण दिलं होतं. परीक्षेच्या पूर्ण वेळात उमेदवार दर थोड्या वेळाने मान उचलून उजवीकडे एकाच ठिकाणी बघत होती. तिथे कोणी होतं का? शिवाय पहिल्या गुणांच्या मानाने दुसरे गुण फारच वर गेले होते.

चष्मेवाल्याने दुपारपर्यंत निकाल जाहीर केला. लेक कापडामागे उभी राहून बोटांनी उत्तरं सांगत होती. पहिलं बोट पहिला पर्याय, दुसरं दुसरा. त्याने मला करूनही दाखवलं. मला ते पटलं नाही, पण बोटं छान जमली होती.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. निमूटपणे निकाल रद्द करून घ्यायचा आणि पुढच्या वर्षी परत बसायचं. किंवा चौकशी मागायची, आणि तिथे म्हणणं पटलं नाही तर पुढची काही वर्षं परीक्षेचं दार बंद. यात मेख अशी, की इथल्या लॉ कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला नवे प्रवेश या वर्षी शेवटचेच मिळणार होते. दिवसा दुकान बंद ठेवून ती कॉलेजला जाणार कशी? म्हणजे निमूटपणे पुढच्या वर्षावर टाकलं, तर ते पुढचं वर्ष नव्हतंच.

"आई, रद्द कर," लेक रडवेली होऊन म्हणाली. "लोक माझंच नाव घेतायत. तू हरलीस तर तेच खरं ठरेल."

"आणि रद्द केलं तर?" कात्रीने विचारलं. "तर ते खोटं ठरेल?"

लेक उठून खुर्चीवरचे केस झाडायला लागली.

"तू परीक्षेच्या वेळी पायरीवरून कुठे गेली होतीस?" मी मध्येच विचारलं. मलाही राहवलं नाही.

"कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात, काकू. मला बाथरूमला जायचं होतं, आणि आत जाऊन आईला त्रास द्यायचा नव्हता. औषधवाल्याला विचारा."

मी विचारलं. खरं होतं. चष्मेवाल्याला सांगितलं, तर म्हणाला, "औषधवाला तिच्याच पार्लरमध्ये बायकोला पाठवतो."

चौकशी व्हिडिओवर होती, सकाळची वेळ. ती वेळ पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, आणि मधल्या वेळात मी खुर्चीत बसले होते. टोकं कापायला. माझे केस तुम्हाला माहीत आहेत, या वयातही काळेभोर, आमच्या माहेरी सगळ्यांचेच तसे. फक्त टोकं तेवढी दुभंगतात. कात्रीचं काम अर्ध्यावर आलेलं, आणि लॅपटॉप वाजला. मी उठायला लागले, तर ती म्हणाली, "वहिनी, आता उठलात तर माझी जबाबदारी नाही." मी बसले.

पडद्यावर एक बाई आणि एक गृहस्थ होते. बाईंनी चित्रफीत लावली. खरंच, कात्री वाचायची, मान उचलायची, उजवीकडे बघायची आणि मग उत्तर द्यायची. परत परत. 

"तिथे काय होतं?" बाईंनी विचारलं.

"आरसा."

"पण तो झाकलेला होता."

"झाकलेला होता."

"मग झाकलेल्या आरशात तुम्ही काय बघत होतात?"

 मला ते कोर्ट आठवलं, जे मी पाहिलेलंही नाही. आणि मग तिने काय केलं असेल? माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरून सरळ केलं, आणि उत्तर शोधायला समोरच्या आरशात बघितलं.

"थांबा," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या. "आत्ता तुम्ही कुठे बघितलंत?"

"आरशात."

"प्रश्न मी विचारला. मी इकडे आहे."

"माणसाचं तोंड मला आरशातच दिसतं, मॅडम. खुर्चीतल्या माणसाच्या मी मागे उभी असते. काय हवंय, काय नकोय, पटलं की नाही, सगळं तिकडे बघूनच कळतं. विचार करायचा म्हटलं की मान आपोआप तिकडे जाते. मला आत्तापर्यंत हे माहीतच नव्हतं."

गृहस्थांनी लॅपटॉप भिंतीकडे फिरवायला सांगितला. चित्रफितीत तिची नजर जायची तो कोपरा आणि हा आरसा एकच. आरशावर ते काळं कापड परत टांगायला लावलं, तर मागे थेट आरसा आणि भिंत, वीतभरही जागा नाही. लेकच काय, लेकीचं बोटही मावलं नसतं.

"आणि खुर्चीत आहेत त्या कोण?" बाईंनी विचारलं.

"शेजारीण," मी म्हणाले. "टोकं कापायला आलेय."

बाईंनी माझ्या डोक्यावरच्या प्लास्टिकच्या टोपीकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "या बोलताना नेहमी आरशात बघतात?"

आजवर माझ्याकडून कुणी खरी माहिती मागितली नव्हती, त्यामुळे मी क्षणभर गोंधळले. मग आठवून बघितलं. "हिने माझ्याकडे सरळ बघितल्याचं मला आठवत नाही," मी म्हणाले. "रस्त्यात भेटली तरी आधी आजूबाजूला काच शोधते."

गृहस्थ हसले नाहीत, पण त्यांनी काहीतरी टिपलं. "कळवू," म्हणाले आणि पडदा काळा झाला.

ते दिवस वाईट गेले. कात्री कामात चुकली नाही, पण मोबाइलला तिने हातही लावला नाही. लेक दर थोड्या वेळाने मोबाइल उघडायची. मग एका दुपारी खालून खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज आला आणि मी चप्पल न घालताच जिना उतरले. स्क्रीनवर लिहिलं होतं, "तपासणी पूर्ण. गुण कायम." गुण खरंच मोठे होते. संध्याकाळच्या वर्गाला तिला जागा मिळाली, यादीच्या बऱ्याच वर.

चष्मेवाला पेढ्यांची अपेक्षा न ठेवता येऊन गेला. जाताना म्हणाला, "काहीतरी असणारच."

मलाही तसं वाटणं काही सुटत नाही, स्वभावच तो. कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी परत खुर्चीत बसले होते, टोकांसाठी. कात्री वाटीत ब्रश बुडवत होती.

"आता वकीलच होणार आहेस, तर निदान मला खरं सांग," मी म्हणाले. "लेकीने थोडी तरी मदत केली ना? एखादं उत्तर? कुणाला सांगणार नाही मी."

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, तुमच्या केसांचा खरा रंग कोणता, ते इतकी वर्षं मला माहीत आहे. गल्लीत कुणाला कळलं? मग मान सरळ ठेवा, वकिलाला काम करू द्या."